जुन्या पानांचा मान



संगणकावर आपण इंटरनेटवरचे जे पान उघडतो, त्यातील शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे संपतो, हे सांगणाऱ्या काही अदृश्य खुणा असतात. त्या खुणांची भाषा म्हणजे 'एचटीएमएल'.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत ती रचली, तेव्हाच एक शहाणा शिरस्ता पडला:
जी खूण ओळखू येत नाही, ती सोडून द्यावी;
तिच्यामधला मजकूर मात्र वाचकास दाखवावा.

'व्हिडिओ' ही अलीकडची खूण घ्या. पाने दाखवणाऱ्या जुन्या ब्राउझरला ती उमगत नाही. मग तिच्या पोटात लिहिलेली 'चित्रफीत येथून उतरवून घ्या' ही ओळ तो निमूटपणे दाखवतो.

पुढे मात्र या भाषेचे नियम ठरवणाऱ्या कारभारी मंडळींना, जुने दप्तर गुंडाळून निर्दोष व काटेकोर असे नवेच व्याकरण अमलात आणावे, असा मोह झाला. 'एक्सएचटीएमएल दोन' हा त्या व्याकरणाचा मसुदा. जुन्या पानांशी फारकत घेणारी ही वाट न पटल्याने २००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरा येथील जाणकारांनी वेगळी चूल मांडली. २००९ मध्ये तो मसुदा बासनात गेला.

म्हणून सांगतो, श्रोतेहो: नवे खुशाल आणावे, पण जुने पान मोडू नये.

मजकूर मधोमध मांडणारी 'सेंटर' ही खूण आज नव्या लेखनात निषिद्ध आहे;
तरीही ती वापरलेले जुने पान उघडले,
तर मजकूर अजूनही मधोमधच दिसतो.