तडजोड की नादारी?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कर्जात बुडालेल्या माणसापुढे अखेर दोनच वाटा उरतात : धनकोशी तडजोड करणे, नाहीतर न्यायालयात जाऊन नादारी जाहीर करणे. दुसरी वाट नामुष्कीची मानली जाते. म्हणूनच पहिली बहुधा धनकोच्या अटींवर चालावी लागते.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. कर्जखते जाळली गेली. त्या उठावामुळे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने समेटासाठी मध्यस्थ नेमण्याची तरतूद केली आणि 50 रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास नादारीचा अर्ज करण्याची मुभाही दिली. या दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात शहाणपण होते. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याची तडजोड म्हणजे शरणागतीच होय.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरीब ऋणकोसाठी 'नवी सुरुवात' लिहिली गेली : वार्षिक उत्पन्न 60 हजार, मालमत्ता 20 हजार व कर्ज 35 हजार रुपयांपलीकडे नसावे, स्वतःचे घर नसावे. परंतु डिसेंबर 2019 मध्ये व्यक्तींविषयीचा भाग अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना हमी देणाऱ्यांपुरता. कंपन्यांना मात्र ही दारे आधीच उघडली होती. जून 2023 मध्ये तर हेतुपुरस्सर कर्ज बुडविणाऱ्यांशीही तडजोड करण्याची वाट रिझर्व्ह बँकेने बँकांना मोकळी करून दिली. उद्योगपतीची ती पुनर्रचना, विणकराची मात्र बेअब्रू!

तेव्हा कार्यकर्त्याने ऋणकोशेजारी बसून हिशेब मांडावा. मिळकत चालू असेल, धनको थोडे असतील आणि एकरकमी पैसा नवे कर्ज न काढता उभा राहत असेल, तर तडजोड करावी. पण ती लेखी असावी आणि कर्ज फिटल्याचा दाखला हाती घ्यावा. तडजोडीसाठीच दुसऱ्या सावकाराचा उंबरठा झिजवावा लागणार असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याचा विचार करावा. त्यात मालमत्ता रिसीव्हरच्या हाती जाते हे खरे. परंतु कारागिराची हत्यारे व शेतकऱ्याची अवजारे जप्तीतून वगळलेली आहेत.

नादारी हा गुन्हा नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. तो दुबळ्याच्या हाती असेल, तेव्हाच तडजोडीच्या बैठकीत दोन्ही बाजू एका पातळीवर बसतील.