पूररेषा बायकांना विचारून आखा



हवामानबदल म्हटलं की मोठ्या परिषदा डोळ्यांपुढे येतात. मी मात्र चिपळूणबद्दल बोलणार आहे. तिथे २६ जुलै २००५ला पूर आला, आणि २२ जुलै २०२१ला त्याहून मोठा. वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी शिरलं, तळमजले बुडाले.

मग निळ्या आणि लाल रेषेवरून वाद पेटला. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. रेषेच्या आत आलात की बांधकामावर बंधनं. म्हणजे ही रेषा आपल्या स्वयंपाकघरातून जाते, आणि आखताना आपल्याला कुणी विचारत नाही.

अशाच एका नदीकाठच्या गावात आम्ही वस्तीतल्या बायकांना खडूनं जमिनीवर नकाशा काढायला सांगितलं. पाणी आधी कुठून शिरतं, नाला कुठे बुजवला, सगळं त्यांना पाठ! निवारा म्हणून ठरवलेल्या शाळेवर त्यांनी फुली मारली. तिचा रस्ताच सर्वांत आधी बुडतो, आणि वरच्या मजल्यावर संडास नाही. भाडेकरू बायका म्हणाल्या, पंचनामा घरमालकाच्या नावानं होतो, भिजलेलं धान्य मात्र आमचं असतं.

कायद्याचं काय? १९९३ साली लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांतच. २०११च्या जनगणनेत चिपळूण साधारण ५५ हजारांचं. अशी सगळी छोटी शहरं सुटली. निम्म्या जागा बायकांना आहेत, हे खरं. पण नगरसेविकेला नकाशा वाचायला कोण शिकवतं? (तिच्या खुर्चीत नवरा बसतो, ते आणखी वेगळंच.)

१९६६च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. धुणीभांडी करणारी बाई राजपत्र कुठे वाचणार?

तेव्हा त्या ३० दिवसांची वाट पाहू नका. पावसाळ्याआधी गल्लीगल्लीत असे नकाशे काढा. पूररेषेच्या नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. हरकत लेखी द्या, तिची पोच घ्या. भाडेकरू, एकट्या, अपंग बायकांची नावं त्यात वेगळी लिहा. आणि सुनावणीला दहाजणी मिळून जा; एकटीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात.