मिटविलेली प्रकरणे



मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत मुलांमध्ये काम करणाऱ्या आपणां सर्वांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याहून विद्वान आणि वक्तृत्वसंपन्न माणसे या सभागृहात पहिल्याच रांगेत बसलेली असता परळच्या एका निवृत्त शाळामास्तराची निवड का झाली, याची चौकशी मी केलेली नाही; चौकशीअंती निवडच रद्द व्हावयाची, असे भय वाटले. गिरगावच्या यजमान मंडळीने ठेवलेला बंदोबस्त चोख आहे आणि चहा वेळेवर मिळाला आहे, एवढे नमूद करून मी कामाकडे वळतो.

प्रघात असा की, अध्यक्षाने गतकार्याचे सिंहावलोकन करावे. तसे टिपण मी केलेही होते. १८१३ साली अमेरिकन मिशनरी हॉल आणि नॉट मुंबईस उतरले तेथून आरंभ करून, स्कॉच मिशनरी जॉन विल्सनसाहेबांची १८३२ ची शाळा, १८४२ चा ‘ज्ञानोदय’, १८७२ चा ‘बालबोधमेवा’, १८७५ साली या शहरात आलेली वाय. एम. सी. ए., अशा पायऱ्या चढत ते आजच्या तरुणसंघांपर्यंत येते. ते टिपण माझ्या खिशात आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी मधल्या सुटीत मागून घ्यावे. मला मात्र आज एकच गोष्ट बोलावयाची आहे, आणि ती बोलण्याची संधी मी आयुष्याचा बराच भाग वाट पाहून मिळविली आहे.

या संमेलनाचा विषय आपण ‘किशोरवयीन मुलांचा परस्परांकडून होणारा छळ आणि समाजाचे दडपण’ असा ठेवला आहे. सकाळच्या सत्रात एका तरुण वक्त्याने मोबाइलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि सभागृहाने माना डोलावल्या. मोबाइलची वकिली मी करणार नाही. तथापि ते यंत्र या शहरात येण्याच्या कितीतरी आधी, ‘उपासना संगीता’च्या एका प्रतीचे शेवटचे कोरे पान मी शब्बाथशाळेत जप्त केले होते; त्यावर एका मुलीचे व्यंगचित्र होते, खाली तिला दिलेले टोपणनाव होते आणि त्याखाली, ज्यांना ते पटले त्यांच्या रीतसर सह्या होत्या. पान बाकांवरून पुढे पुढे सरकत गेले होते, आणि शेवटची सही त्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीची होती. फरक इतकाच की, ते पुस्तक कपाटात घालून किल्ली मला खिशात टाकता आली. आजचा मोबाइलवरचा गट रात्री अकरानंतरही उघडा असतो आणि त्याची किल्ली कोणाच्याच खिशात नसते. तेव्हा रोग जुना, वेग नवा. या वादावर मला याहून अधिक वेळ दवडावयाचा नाही.

आपल्या मुलांची अवस्था मात्र इतरांहून थोडी निराळी आहे, ती सांगितली पाहिजे. लालबागच्या चाळीत वाढणारा आपला मुलगा नाताळात घरावर कागदी तारा लावतो म्हणून चाळीतली पोरे त्याला ‘मकापाव’ म्हणतात. आडनाव गायकवाड किंवा साळवे निघाले की, मग तू ख्रिश्चन कसला, असा उलटतपास घेतात. आणि तोच मुलगा दादरला इंग्रजी उपासनेच्या मुलांत जाऊन बसला की तेथे तो ‘घाटी’ ठरतो. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या, त्यामुळे आता एकाच संघात विसाव्या मजल्यावरचा मुलगा आणि दहा बाय बाराच्या खोलीतला मुलगा शेजारी बसतात, आणि कोणाचे बूट कोणत्या कंपनीचे आहेत हे उपदेश सुरू होण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक झालेले असते. मुलींत तर हातही उगारावा लागत नाही. सगळ्याजणी ठरवून एकीशी बोलणे टाकतात, आणि चार रविवारांत ती मुलगी पोटदुखीचे निमित्त सांगून घरी राहू लागते.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे या राज्याच्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा करून सांगण्याआधी आपल्या पूर्वजांना अंगावरच्या वळांनी ठाऊक होते. श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण आपणांस स्मरत असेल. १८४३ साली त्याचे वडीलबंधू नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. बारा-तेरा वर्षांचा श्रीपत त्यांच्यामागोमाग मिशनरींच्या घरी राहावयास गेला. बापाने फिर्याद केली, सुप्रीम कोर्टाने पोर बापाच्या हवाली केले, आणि मग ज्ञातीने दार लावून घेतले. बाळशास्त्री जांभेकरांनी, मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा पक्ष धरला, तर त्या थोर पुरुषालाही रोषाचे धनी व्हावे लागले. वाद थोरांचा, झळ मात्र पोराला. त्याच्या चार वर्षे आधी, १८३९ साली, धनजीभाई नौरोजी हा किशोरवयीन पारशी मुलगा बाप्तिस्मा घेता झाला आणि विल्सनसाहेबांच्या शाळेतून पारशी विद्यार्थी भराभर काढून घेण्यात आले. त्या धर्मांतराच्या वादात मी शिरत नाही. त्या समाजाचे दुःखही खरेच होते. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, एका पोराच्या पाठीशी उभे राहण्यासाठी आपली भरलेली शाळा ओस पडू देण्याची त्या स्कॉच माणसाची तयारी होती, आणि आज एका वर्गणीदाराची नाराजी नको म्हणून आपल्या कमिट्या त्याच्या चिरंजीवास एक अक्षर बोलत नाहीत.

आता माझी मुख्य फिर्याद. ती छळ करणाऱ्या मुलांविरुद्ध नाही. ती आपणांविरुद्ध आहे. प्रकरण कानांवर येताच दोन्ही मुलांना सर्वांसमक्ष उभे करून, ‘हात मिळवा, आपण ख्रिस्ती आहोत’ असे म्हणून, एक प्रार्थना करून आणि टाळ्या घेऊन जे प्रकरण आपण मिटविल्याचे दप्तरी नोंदवितो, त्या हस्तांदोलनाविरुद्ध आहे.

१९८२ चा गिरणी कामगारांचा संप चिरडला गेल्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. ज्या मंडळीत मी तेव्हा शिकवीत असे, तेथे दानाची पितळी थाळी मुलांच्या बाकांवरून फिरविण्याचे काम माझ्याकडे होते. त्या मुलांत गिरणीतून घरी बसलेल्या एका कामगाराचा मुलगा होता. त्याची आई दर रविवारी त्याच्या हाती आठ आण्यांचे नाणे देऊन पाठवी, हे मला तिनेच सांगितले होते. काही आठवड्यांनी माझ्या ध्यानात आले की, थाळी त्याच्यापुढे आली की त्याची मूठ थाळीवर येते, उघडते, मागे जाते. पण नाणे वाजत नाही. मी थाळी किंचित थांबवून पाहिली. मुलाने माझ्याकडे न पाहता ती शेजाऱ्याकडे सरकविली. पुढे कळले ते असे की, फाटकापाशीच दोन मुले ते नाणे त्याच्याकडून काढून घेत, आणि एखाद्या दिवशी नाणे नसेल तर त्याचे बूट काढून भिंतीपलीकडे फेकीत. त्या दोघांपैकी एक गायनवृंदाचा म्होरक्या होता, दुसरा कमिटीच्या एका वजनदार सभासदाचा मुलगा. मी लेखी कैफियत दिली. कमिटी भरली, खेद व्यक्त झाला, आणि पुढच्या रविवारी उपासना संपताच तिघांना वेदीपुढे बोलावून हात मिळवावयास लावण्यात आले. कमिटीच्या सभासदांनी टाळ्या वाजविल्या. एक-दोन आजीबाईंनी डोळेही पुसले. नंतरच्या रविवारी दोघे आले, तिसरा आला नाही. तो पुन्हा कोणत्याही मंडळीत गेला नाही.

बऱ्याच वर्षांनी करी रोडच्या पुलावर त्याने मला ओळखले. पोटापाण्याला लागलेला, केस पिकू लागलेला गृहस्थ. चौकशा झाल्या, मुलाबाळांच्या गोष्टी निघाल्या, आणि निरोप घेता घेता तो म्हणाला, “सर, त्या दिवशी हात मिळवताना त्यानं माझा अंगठा मागं पिरगळून धरला होता. आणि कमिटीवाले टाळ्या वाजवत होते.” गाडी आली म्हणून तो गेला.

माझे पाळकमित्र येथे मला मत्तयाचा अठरावा अध्याय दाखवितील, सातांच्या सत्तर पट क्षमा करण्याची आज्ञा दाखवितील. ती मला शिरसावंद्य आहे. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेटाला जाण्याची आज्ञा कोणाला आहे? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याला. म्हणजे पाऊल अपराध्याने उचलावयाचे आहे. आपण ते मार खाल्लेल्याकडून उचलवून घेतो. जक्कयाने, ज्याच्याकडून अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देईन, असे म्हटले; आमच्या प्रकरणात आठ आण्यांचे आठ आणेही कोणी परत मागितले नाहीत. आणि योसेफाचे उदाहरण तर आपण शब्बाथशाळेत क्षमेचा कित्ता म्हणून दरवर्षी गिरवतो. सतराव्या वर्षी ज्याला भावांनी विकले, तो तिसाव्या वर्षी मिसर देशाचा अधिकारी झाला, आणि दुष्काळात भाऊ दारी आले तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत गळामिठी घातली काय? त्याने त्यांची झडती घेतली, शिमोनाला अटकेत ठेवले, बन्यामिनाला आणावयास लावले, आणि ज्या यहूदाने त्याला विकण्याची मसलत दिली होती तोच धाकट्याच्या बदली स्वतः गुलाम होण्यास पुढे आला, तेव्हाच योसेफ मोठ्याने रडला. घाई झाली असती तर यहूदा बदलला आहे हे कोणाला कधी कळले असते? हा सबंध मजकूर आपण गाळतो आणि मुलांच्या हाती रंगीत झग्याचे चित्र देतो.

याउलट गिरगावातल्या एका मंडळीत मी शब्बाथशाळेच्या एका वयस्कर शिक्षिकाबाईंची रीत पाहिली आहे. सगळी मुले त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांच्या वर्गात असेच प्रकरण निघाले, तेव्हा त्यांनी त्रास सोसणाऱ्या मुलाला चारचौघांत एक प्रश्न विचारला नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईबरोबर भाजी निवडीत बसून, जे ऐकावयाचे ते ऐकले. त्रास देणाऱ्या दोघांना निरनिराळे बोलावून जबाब घेतले. हिसकावलेले पैसे वहीत मांडून, बाजारहाटाचे फेरे घालावयास लावून दोघांकडून ते फेडून घेतले. आणि सर्वांत कठोर त्या वागल्या, त्या बाकावर बसून नुसते पाहणाऱ्यांशी. “तुला दिसत होतं ना रे? मग तू काय करत होतास?” हा एकच प्रश्न त्या एकेकाला विचारीत आणि उत्तर येईपर्यंत हलत नसत. त्या मुलांनी पुढे एकमेकांचे हात मिळविले की नाही, ते मला ठाऊक नाही. तो मुलगा मात्र येत राहिला.

दुसरा वाद, प्रकरण मंडळीबाहेर न्यावे की न न्यावे. घरातले घरात ठेवावे, असे म्हणणाऱ्यांत माझे काही आदरणीय सहकारी आहेत. एका पालकांनी शाळेकडे तक्रार करतो म्हणताच मंडळीची बदनामी होईल म्हणून त्यांची मनधरणी करण्यात आली, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्या कुटुंबाने शेवटी शाळाही सोडली आणि मंडळीही, म्हणजे बदनामी टळली आणि मुलगा गेला. लैंगिक अत्याचाराचा प्रश्न असेल तेथे तर २०१२ च्या कायद्याने कळविणे प्रत्येकावर बंधनकारकच आहे. तेथे कमिटीच्या संमतीची वाट पाहणे हाच गुन्हा. आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी जिने १९९६ साली मुंबईत सुरू केला, त्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे मूळ कोठे आहे? आपल्याच अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात उभारलेल्या नेबरहुड हाउसमध्ये १९३६ साली ती संस्था जन्मली. तेव्हा त्या क्रमांकावर बोलणे म्हणजे परक्याच्या दारी जाणे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपलाच इतिहास एकदा वाचावा.

पुढील कार्याविषयी अध्यक्षाने काही सुचवावे, अशीही अपेक्षा असते. प्रत्येक संघात मुलांनी ज्यांच्याशी बोलावे अशी दोन माणसे असावीत, त्यांतली एक तरी बाई असावी, आणि दोघांपैकी कोणीही कमिटीत नसावे. संघाचे म्होरके निवडताना गळा आणि वडिलांचे वजन यांखेरीज आणखी काही पाहिले जावे. आत्याबाईंच्या रीतीवर एक छोटे पुस्तक निघावे; ते कोणी लिहावे आणि खर्च कोणी करावा याची तजवीज कार्यकारिणीने करावी, मला तिचा तपशील सुचत नाही.

एक गोष्ट मात्र आजच होण्यासारखी आहे. संध्याकाळच्या सत्रात जो ठराव येणार आहे, त्याचे चौथे कलम मी वाचले. ‘मुलांमधील तंटे परस्पर क्षमेने, मंडळीसमोर, तत्काळ मिटवावेत’ असे त्यात म्हटले आहे. ‘मंडळीसमोर’ आणि ‘तत्काळ’ हे दोन्ही शब्द काढून टाकावेत आणि अपराध्याने भरपाई केल्यावाचून प्रकरण मिटले असे कोठेही नोंदवू नये, अशी माझी उपसूचना आहे. तिला अनुमोदन हवे आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्या कानात न सांगता सभागृहात उभे राहून बोलावे.