सामायिक चाल आणि शांततेचा हिशेब
(देवगड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा गोषवारा)



डबलबारीच्या रात्री दोन बुवा समोरासमोर बसतात. गजराची चाल बहुधा एखाद्या नाट्यपदातून वा चित्रपटगीतातून घेतलेली असते. शब्द मात्र नवे. चाल कोणाच्या मालकीची, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारीत नाही. देवगड तालुक्यात ज्याचे कोणाला नवल वाटत नाही, त्याच रीतीवर सातासमुद्रांपलीकडील जमैका बेटातील ‘रेगे’ संगीत वाढले.

तेथे ढोल आणि बास गिटार यांच्या मूळ ठेक्याला ‘रिडिम’ म्हणतात. एका रिडिमवर अनेक गायक आपापली कवने रचतात. १९७४ साली रूपी एडवर्ड्स यांनी १९६८ च्या एका गीताच्या ठेक्यावर ‘यामाहा स्कँक’ ही संबंध ध्वनिमुद्रिका काढली. पुढे अशा संग्रहांची परंपराच पडली. गुलामगिरीची स्मृती, दारिद्र्याची चीड आणि शांततेची हाक हे त्यांतील कित्येक कवनांचे विषय. या पद्धतीमागे अर्थकारणही होते. वादकांना एकदाच मजुरी द्यावी आणि तोच ठेका वर्षानुवर्षे विकावा, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मालकांच्या सोयीचे होते. जमैकाचा स्वतःचा स्वामित्वहक्क कायदा १९९३ साली झाला; तोवर १९११ च्या ब्रिटिश कायद्यावरच भागत होते. चाल सर्वांची, नफा मात्र थोड्यांचा!

शांततेच्या हाकेचे काय झाले? २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या मैफलीत बॉब मार्ली यांनी पंतप्रधान मायकेल मॅन्ले आणि विरोधी नेते एडवर्ड सीगा यांचे हात व्यासपीठावर एकत्र उंचावले. दोन्ही पक्षांच्या टोळ्यांत रक्तपात चालू असता हे घडले, म्हणून त्याचे मोल मोठे. परंतु पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला. चलनाचे अवमूल्यन झाले, वेतनवाढीवर मर्यादा आली, महागाई भडकली. श्रमिकांचे खरे वेतन घटले. १९८० च्या निवडणूक-वर्षात सुमारे ८०० माणसे मारली गेली. गाणे खोटे नव्हते; त्याच्या पाठीशी भाकरीची हमी नव्हती.

आपल्या किनाऱ्यावरही याहून निराळे नाही. पर्ससीनधारक आणि पारंपरिक मच्छीमार एकाच समुद्रावर जगतात. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी संघर्ष मिटला नाही. समुद्र सामायिक आहे. पण यंत्र, भांडवल आणि मासळी यांची वाटणी सामायिक नाही. जे टाळ एकत्र वाजवतात, तेच समुद्रात परस्परांसमोर उभे ठाकतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी सलोख्याचे गजर अवश्य रचावेत. गाण्यामुळे माणसे एका जागी बसतात, हे थोडे नव्हे. मात्र ती बसली की जाळे कोणाचे, कर्ज कोणाचे आणि मासळी कोणाच्या वाट्याला, हा हिशेबही त्याच बैठकीत मांडला पाहिजे.