शिखर नंतर, परतीची वेळ आधी



कळसूबाईची उंची १६४६ मीटर, कर्नाटकातल्या कुमार पर्वताची १७१२. फरक अवघा ६६ मीटरचा. म्हणून बेंगळुरूतली आपली मंडळी सहज म्हणतात, "कळसूबाई केलंय, हेही एका दिवसात होईल."

पण उंची पायथ्यापासून मोजा. कुक्के सुब्रमण्य समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर आहे. म्हणजे चढाई जवळपास १६०० मीटर. बारी गावातून कळसूबाईला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि सुरुवातीचा खडा चढ दाट जंगलातला.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम सोपा आहे: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. इथे एका बाजूचं अंतर साधारण १२ किलोमीटर. म्हणजे न थांबता पाच तास. दम खाणं, मुळं, निसरडे दगड धरले तर सहा. उतरताना गुडघे बोलायला लागतात, तेव्हा पाच तास तरी धराच. डिसेंबरात उजेड असतो साधारण साडेअकरा तास. उरलं काय? अर्धा तास!

म्हणून साडेसहाला निघालात, तर साडेबाराला मागे वळायचं. शिखर समोर दिसत असलं तरी. हे आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून ठरवा, कारण वर पोचल्यावर कुणी ऐकत नाही. वनखात्याची परवानगी आणि प्रवेशाची वेळ आधी तपासा. निघायला उशीर झाला, तरी वळायची वेळ तीच. प्रत्येकाकडे बॅटरी, तीन लिटर पाणी. आणि घरी सांगून ठेवा, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा.