मोत्यांसारखे अक्षर आणि कोरे पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेरी पुढची शाळा पाच किलोमीटरवर होती, आणि वाटेत ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की मुलगी अलीकडे येणार कशी, ही वडिलांना काळजी. त्या काळजीतच माझी शाळा सुटली. इथे तर शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या भगिनी बसल्या आहेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलाच्या वहीची हकीकत सांगा. ती तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार?" म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

हकीकत एका वर्षाची आहे. जून २०२३ ते मे २०२४. आमचा धाकटा तेव्हा तिसरीत होता.

त्याचे अक्षर फार सुंदर. ओळी सरळ, वेलांट्या गोल, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. वहीत पानोपानी लाल शाईने 'छान' लिहिलेले, कुठे चांदणी काढलेली. कोणी पाहुणे आले की मी चहाच्या आधी ती वही पुढे करी. "अगदी मोत्यांसारखे अक्षर हो!" असे कोणी म्हटले की माझी मान वर होई. ज्या शाळेने मला मध्येच सोडले, ती मुलाच्या रूपाने परत घरी आली, असे मला वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत माझी नणंद भाऊबीजेला आली. तिच्या पिशवीत एक लग्नपत्रिका होती. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, त्या म्हणाल्या, "बाळा, वाच बरं कुणाचं लगीन हाय ते." मुलाने पत्रिका हातात घेतली. वरचा गणपती पाहिला, खालची फुले पाहिली, आणि गप्प उभा राहिला. मला वाटले, लाजला असेल. मी त्याचे पुस्तक आणून दिले. त्याने लगेच खड्या आवाजात पाठ म्हणायला सुरुवात केली. एक अक्षर अडले नाही. पण माझे लक्ष पानाकडे गेले. पान दुसऱ्याच पाठाचे उघडलेले होते!

मी विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "आई, फळ्यावरचं मला येतं. कागदावरचं येत नाही."

भगिनींनो, त्या वेळी मी जे केले ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. नणंदेसमोर माझी शोभा झाली या रागाने मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. एक नव्हे, दोन. मग न्हाणीच्या चुलीपाशी जाऊन बसले.

रात्री सगळे झोपल्यावर मी त्याची वही पहिल्यांदा वाचली. आजवर मी ती नुसती पाहत होते. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात लिहिले होते, 'आमच्या घरी गाय आहे. तिचे नाव कपिला आहे.' आमच्या घरी गाय नाही. शेळी आहे, आणि तिला कोणी नावाने हाक मारीत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीची वही मागून पाहिली. तिच्याही घरी कपिलाच होती! फळ्यावरची एक गाय वर्गातल्या सगळ्या घरांत बांधली गेली होती.

त्या वर्षी पाठ्यपुस्तकांना वहीसारखी कोरी पाने जोडलेली असत. त्यांवर 'माझी नोंद' असे छापलेले असे. मुलाने आपल्याला वाटेल ते, कळेल ते तिथे लिहावे अशी योजना. आमच्या मुलाच्या पुस्तकात ती सगळी पाने कोरी होती. फळ्यावर 'माझी नोंद' कोण लिहून देणार?

सुट्टी संपताच मी शाळेत गेले. खरे सांगायचे तर भांडायलाच गेले होते. वर्गात पाहते तो एकाच खोलीत दोन इयत्ता. बाई एका भिंतीच्या फळ्यावर तिसरीची गणिते घालीत होत्या आणि मागे वळून दुसरीला गप्प बसवीत होत्या. माझे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ताई, हा पहिलीत कधी आला ते आठवा."

आठवले. जून २०२१. करोनाचे दिवस. शाळेला कुलूप. पहिली ते चौथीचे वर्ग खेड्यांत उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. पुन्हा जानेवारीत काही दिवस बंद झाले. शिक्षण मोबाईलवर चालू होते म्हणतात. पण आमच्या घरी मोबाईल एकच, आणि तो यांच्याबरोबर सकाळी टेम्पोवर जाई तो रात्री परत येई. ज्या महिन्यांत मुलाने अक्षर ओळखायचे, त्या महिन्यांत तो शेळीमागे फिरत होता. पुढे वर्ग भरले तेव्हा पुस्तक पुढे गेलेले आणि हा मागे राहिलेला. मागे राहिलेले मूल काय करते? फळ्यावरचे चित्र उतरवून काढते. माझी आई निरक्षर होती, पण दारात रोज रांगोळीने 'श्री' काढी. ठिपका चुकत नसे. म्हणून तिला वाचता येत होते का? माझ्या मुलाची सगळी वही म्हणजे तशी रांगोळी होती.

बाई म्हणाल्या, "मूल तिसरी पूर्ण करताना समजून वाचायला लागले पाहिजे, असे सरकारनेही निपुण भारत योजनेत २०२१ सालीच ठरवले आहे. आपल्या हातात पाच महिने आहेत. मी शाळेत बघते, तुम्ही घरी बघा."

मी म्हटले, "मी सातवी."

त्या म्हणाल्या, "तिसरीला सातवी पुष्कळ झाली."

ते वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणले.

आता काय केले ते सांगते. कोणाला उपयोगी पडेल. बाईंनी सांगितले, अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने घोकून घेऊ नका. एकमेकांसारखी दिसणारी थोडी अक्षरे घ्या आणि लगेच त्यांचे शब्द करा. ग, म, न ही तीन घेतली की मग, नग, मन, गगन, नमन एवढे शब्द होतात. मुलाला पहिल्याच संध्याकाळी पाच शब्द वाचता आले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग काना. काना शिकला आणि काका, मामा, नाना, बाबा सगळे नातेवाईक एकदम घरात आले. मग वेलांटी, उकार, मात्रा. जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

तो कुठे अडतो हे पाहायला मी शिकले. घ आणि ध यांत त्याचा घोटाळा होई. त्याला म्हटले, घ च्या डोक्यावर पूर्ण छप्पर आहे, ध चे छप्पर अर्धे उडाले आहे. भ आणि म चेही तसेच. 'र' च्या शेजारी 'व' आला की तो 'ख' वाची. यात चूक त्याची की अक्षराची, कोण जाणे. आणि तो 'पानी' लिही, 'लोनी' लिही. मी रागावणार, तोच बाईंचे बोलणे आठवले, "तुम्ही घरी काय बोलता?" आम्ही पानीच म्हणतो. मुलाने कानाला ऐकू आले तसे प्रामाणिकपणे लिहिले होते. बाईंचे सांगणे असे, की आधी त्याला त्याच्या बोलीत लिहू द्या; चुका सगळ्या एकदम दाखवू नका, एका दिवशी एकच दाखवा. सगळ्या पानावर लाल शाई झाली की मूल लिहिणेच सोडते.

रोज संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले की तो शेजारी पाटी घेऊन बसे. त्या दिवशी घडलेली एक गोष्ट त्याने सांगायची. पहिले पंधरा दिवस तो सांगे आणि मी हात धुऊन त्याच्याच शब्दांत पाटीवर लिही. मग तो ते वाची. स्वतःचेच बोलणे समोर उमटलेले पाहून त्याला फार नवल वाटे. पुढे खडू मी त्याच्या हातात दिला. पहिले वाक्य त्याने आपल्या हाताने लिहिले ते असे : 'शेळीने माझी टोपी खाल्ली.' जोडाक्षर चुकले होते. पण भगिनींनो, ती शेळी आमची होती आणि टोपीही आमची होती! कपिला गाय त्या दिवशी आमच्या घरातून गेली.

मग कोरी पाने भरू लागली. 'आजी म्हणाली सुई दुखली नाही. पण ती ओरडली होती.' 'बाबा आले तेव्हा मी जागा होतो. झोपेचे नाटक केले.' अक्षर मात्र बिघडले. मोती गेले आणि ज्वारीचे दाणे आले. कुठे लहान, कुठे मोठे. मला आधी वाईट वाटले. बाई म्हणाल्या, "आता तो विचार करून लिहितो आहे, म्हणून हात अडखळतो. अक्षर परत येईल." तसे ते पुढे आलेही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. जानेवारीत आठ दिवस त्याने पाटीला हात लावला नाही. माझाही कंटाळा होता. दिवसभर शेतात खुरपून आल्यावर घ आणि ध कोणाला सुचतात? पण तेवढ्यात नणंदेच्या घरचे लग्न आले. मांडवात दारावर जो फलक होता, तो त्याने मोठ्याने वाचला. कोणी सांगितले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "वाचलं की गं पोरानं!" घरी आल्यावर त्याने आपणहून पाटी काढली.

१ मे २०२४ ला निकाल लागला. प्रगतिपुस्तकावरची श्रेणी मी सांगत नाही. ती मध्यमच होती. त्या दुपारी जुनी पुस्तके बांधून ठेवताना मी शेवटचे 'माझी नोंद' पान उघडले. त्यावर लिहिले होते ते त्याची परवानगी घेऊन, त्याने लिहिले तसेच वाचून दाखवते :

'दिवाळीत आईने मला मारल. मग ती चुलीपाशी रडली. मी ईचारल तर म्हनाली धूर आहे. धूर न्हवता.'

बायांनो, या चार ओळींत चुका किती आहेत ते मी मोजले नाही. मी त्या दुरुस्तही केल्या नाहीत. मला वाटले होते, मी मुलाला लिहायला शिकवले. पण सहा महिने त्या पोराच्या पोटात काय होते, हे त्याला लिहिता आले नसते तर मला कधी कळलेच नसते. मी त्याला जवळ घेऊन सांगितले, "धूर नव्हता, बाळा. तुझं बरोबर आहे." त्यानंतर अभ्यासासाठी मी त्याच्यावर हात उगारलेला नाही.

पाठ्यपुस्तकातली ती कोरी पाने २०२५-२६ पासून बंद झाली. त्याचे मला दुःख नाही; घरातल्या एका साध्या वहीत तेवढी पाने सहज निघतात. दर वर्षी ३ जानेवारीला आपण मंडळात सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. १८४८ साली पुण्याला जोतीरावांनी आणि त्यांनी मुलींची शाळा काढली, म्हणून आज तुमच्या-माझ्या हाती अक्षर आहे. मग ते चौथी-सातवीचे का असेना, पेटीत ठेवून काय करायचे?

माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाची वही नुसती पाहू नका. त्याच्या हाती वाण्याच्या पुडीचा कागद द्या, पत्रिका द्या, औषधाची खोकी द्या, आणि दोन ओळी वाचायला सांगा. अडले तर मारू नका. मी मारले आहे, त्याचा उपयोग होत नाही. बाईंकडे जा, पण भांडायला नव्हे. आणि रोज त्याला विचारा, आज काय घडले? ते त्याच्या हाताने लिहू द्या. त्यात तुमच्याविरुद्ध काही निघाले, तरी ते पान फाडू नका.