पाण्यातली टेकडी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी छत्री तलावाचे छायाचित्र मी काढून देईन, असे मागे एका सभेत मी उत्साहाच्या भरात बोलून गेले. त्या एका शब्दापायी मला किती पहाटे उठावे लागले, आणि घरातल्या घरात लबाडीचा मोह कसा झाला, ते आज सांगते.

डोंगराचे प्रतिबिंब म्हटले की आपल्याला काश्मीरची कॅलेंडरे आठवतात. आपल्या बडनेऱ्याला हिमालय कुठला! पण अमरावतीच्या दस्तूरनगराकडून भानखेड्याच्या वाटेला लागले की हा तलाव येतो, आणि पलीकडे पोहऱ्याच्या टेकड्या. सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या तेव्हा श्रावणात आम्ही तिथे डबा घेऊन जात असू. गेल्या वर्षी त्यांचे मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून खाट आणि खिडकी, एवढेच त्यांचे जग. मुखपृष्ठ हे निमित्त होते. चित्र मला त्यांच्यासाठी हवे होते.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाक उरकून नऊ वाजता पोचले. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या! रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन स्वस्थ पडून राहते. ऊन चढले की जमीन तापते, हवेची खालवर घुसळण सुरू होते आणि वारा उठतो. म्हणजे स्वयंपाक आणि प्रतिबिंब यांचे मुळीच जमायचे नाही. दुसऱ्या खेपेला लवकर गेले, तर म्हशी माझ्याही आधी पाण्यात!

हिरमुसून घरी आले, तेव्हा धाकटा म्हणाला, “आई, कशाला एवढी यातायात? वरची टेकडी उलटी करून खाली चिकटवली की झाले.” आणि संगणकावर त्याने ते पाच मिनिटांत केलेही. खोटे कशाला सांगू, चित्र फार देखणे झाले होते. कोणाला कळणार आहे, असे मनात आलेच. मी ते सासूबाईंच्या हाती दिले.

त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “अवं, पान्यात टेकडी इतली मोठी नाई दिसत. झाडंच मोठे दिसतेत.”

मी ओशाळले, पण त्यांचे म्हणणे खरे की काय, हे पाहायला पुन्हा तलावावर गेले. अगदी खरे! आपण बांधावर पाण्यापासून जितके उंच उभे असतो, तितकेच पाण्याखाली उतरून वर पाहावे, तसे प्रतिबिंब दिसते. म्हणून काठावरची झाडे उंचावतात आणि मागची टेकडी त्यांच्याआड दडते. पाणी वरच्या चित्राची नक्कल करीत नाही. ते त्याच्या जागेवरून पाहते. हे मी शाळेत शिकले नव्हते, आणि सासूबाई तर शाळेतच गेल्या नव्हत्या.

मग बांध सोडून खाली काठाशी बसले. (उठताना गुडघ्यांनी जाब विचारला, ते सोडा.) सरळ वरून पाहिले तर पाणी शंभरातला जेमतेम दोन भाग उजेड परत देते, नजर जितकी तिरपी, तितका अधिक. म्हणून कॅमेरा पाण्याच्या जवळ न्यावा. मोबाइल असला तर बोट टेकडीवर टेकवावे, पाण्यावर नव्हे. कारण प्रतिबिंब पाण्यावर चिकटलेले नसते, ते टेकडीइतकेच लांब असते. आभाळ पांढरेफटक येत असेल तर उजेड थोडा कमी करावा. पाण्यातली टेकडी वरच्या टेकडीहून काळोखी आली तर घाबरू नये. ती तशीच असते. काठाला गाळ असतो, तेव्हा एकटीने मात्र जाऊ नये.

पाचव्या पहाटे सूर्य टेकडीमागेच होता आणि पाणी हलत नव्हते. तीन चित्रे निघाली, तोच वारा आला.

त्यांतले एक सासूबाईंच्या खाटेसमोर लावले आहे. आल्यागेल्याला त्या त्यातले आपले डबा खायचे झाड दाखवतात. तेच मुखपृष्ठासाठी दिले आहे. खालच्या कोपऱ्यात एक रेघ दिसेल. एक पाणकोंबडी पोहत गेली, तिची ती. छापखान्यातून विचारणा झाली, की ती पुसून टाकू का? मी नको म्हणून कळवले आहे.